म्यानावरचं पोवळं

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, मन्नडीच्या गजबजाटात, एक जुना रस्ता आहे. इंग्रजीत त्याला कोरल मर्चंट स्ट्रीट म्हणतात, तमिळमध्ये पवळक्कार तेरू. तमिळचं एक अक्षर न येणाऱ्या मराठी माणसानंही हे नाव एकदा मोठ्यानं म्हणून बघावं. ‘पवळ’ कानावर पडलं की पोवळं आठवतं, आणि ते बरोबरच आहे. पवळक्कार म्हणजे पोवळेवाला. रस्ता ज्या वस्तीत आहे तिचं नाव मुथियालपेट, आणि तेलुगूत ‘मुत्यालु’ म्हणजे मोती. थोडं पुढं गेलं की सावकारपेट लागते, तिचा अर्थ आपल्याला कुणी सांगायलाच नको. मोत्यांची पेठ, पोवळ्यांचा रस्ता आणि सावकारांची पेठ अशी एकमेकांना लागून असतील, तर तिथं काय चालत होतं हे इतिहासाचं पुस्तक न उघडताही कळतं.

संस्कृत ‘प्रवाल’चं प्राकृतात ‘पवाल’ झालं. तमिळनं त्याचं पवळम् केलं, मल्याळमनं पविळम, तेलुगूनं पगडम. कन्नडमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या ‘प’चा ‘ह’ होतो. तमिळमधलं ‘पाल’ म्हणजे दूध कन्नडमध्ये ‘हालु’ होतं, तसंच पवळाचं हवळ झालं. मराठीनं ‘प’ राखला, पण पुढच्या ‘व’च्या ओढीनं ओठ गोल केले आणि पोवळं म्हटलं. ही आपल्या तोंडाची जुनीच सवय आहे. पवाडा आणि पोवाडा, पवार आणि पोवार या जोड्यांतही ती दिसते. तमिळला पोवळ्यासाठी स्वतःचा वेगळा शब्दही होता, ‘तुगिर’. संगमकाळातल्या पट्टिनप्पालै या काव्यात कावेरीच्या मुखावरच्या बंदरातल्या मालाची जी यादी येते, तिच्यात पूर्व समुद्रातलं तुगिर आहे. पुढं बाजारात पवळ रुळलं आणि रस्त्यालाही तेच नाव मिळालं.

प्रवाल या शब्दाचा दुसरा अर्थ कोवळी पालवी. पोवळ्याचं आणखी एक संस्कृत नाव विद्रुम, त्यातही झाड आहे. समुद्रातून वर येणारी ती लाल फांदी पाहून आपल्या पूर्वजांना झाडच आठवलं, आणि युरोपातल्या पंडितांनाही तेच वाटत होतं. पोवळं हे प्राण्यांचं घर आहे हे १७२० च्या दशकात पेसोनेल या फ्रेंच वैद्यानं उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर निरीक्षण करून मांडलं, आणि कितीतरी दिवस त्याचं कुणी ऐकलं नाही.

हा उत्तर आफ्रिकेचा किनारा लक्षात ठेवायला हवा. दागिन्यात चालतं ते गडद लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. अल्जीरिया-ट्युनिसियाचा किनारा, सार्डिनिया, सिसिली ही त्याची घरं. आपल्याकडे ते फार पूर्वीपासून येत आलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पोवळ्याच्या एका जातीला ‘आलकंदक’ म्हटलं आहे. तो शब्द इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाशी जोडणारे अभ्यासक आहेत, आणि मला ते पटतं, कारण व्यापारी मालाला बंदराचं नाव चिकटणं ही जगभरची रीत आहे. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी लिहून गेला की रोमनांना हिंदुस्थानच्या मोत्यांचं जेवढं कौतुक, तेवढंच हिंदुस्थानी लोकांना पोवळ्याचं. युरोपनं पाठवलेलं बाकी फारसं काही इथं खपायचं नाही, सोनं-चांदी सोडली तर. पोवळं मात्र खपायचं.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासचा सेंट जॉर्ज किल्ला या व्यापाराचं मोठं ठाणं झाला. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात पोवळं साफ होऊन, मणी होऊन लंडनला जायचं. तिथून स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यू घराण्यांचे लोक ईस्ट इंडिया कंपनीच्या परवानगीनं ते मद्रासला धाडायचे. इथं त्यांचेच भाऊबंद ते विकून गोवळकोंड्याच्या खाणींतले हिरे घ्यायचे. जहाजातून पोवळं उतरायचं आणि हिरे चढायचे. जॅक द पायवा हा त्यातला एक. तो हिऱ्यांच्या खाणींकडे जाऊन आला, आजारी पडला आणि १६८७ साली मद्रासमध्येच वारला. पुढच्याच वर्षी मद्रासची नगरपालिका उभी राहिली तेव्हा तिच्या सभासदांत ज्यू व्यापाऱ्यांनाही जागा होत्या. पवळक्कार तेरू त्यांच्या वस्तीची आठवण आहे.

आता त्याच पोवळ्याची दुसरी वाट धरू. अल्जीयर्स आणि ट्युनिस सोळाव्या शतकातच उस्मानी तुर्कांच्या साम्राज्यात गेले होते. पोवळं काढण्याचे मक्ते जिनोआच्या आणि फ्रान्सच्या लोकांकडे असायचे, तरी बराच माल त्या साम्राज्यातच जिरायचा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या बाल्कन आणि आनातोलियातल्या यातागान तलवारी पाहिल्या तर तो कुठं गेला ते दिसतं. यातागान म्हणजे आतल्या बाजूला धार असलेलं, मुठीशी आडवी दांडी नसलेलं पातं. त्याच्या म्यानावर चांदीचा पत्रा, पत्र्यावर तारेची नक्षी आणि रव्याचं काम, आणि मधे मधे लाल थेंब. ते थेंब म्हणजे पोवळी. पुष्कळदा शेजारी निळा पिरोजा असतो.

असा एक थेंब जवळून पाहण्यासारखा आहे. चांदीची एक अरुंद पट्टी वाकवून तिची बारीक वाटी करतात आणि ती पत्र्यावर डाख लावून जोडतात. त्या वाटीत घुमटासारखं घासलेलं पोवळं बसवतात, आणि वाटीची कड घोटणीनं दाबून पोवळ्याच्या कडेवर चढवतात. कुठं कड पाकळ्यांसारखी कापलेली असते, मग ते फुलासारखं दिसतं. पोवळ्याला हिऱ्यासारखे पैलू पाडत नाहीत, कारण ते मुळात चुनखडीच आहे, नखापेक्षा थोडंसंच कठीण. म्हणून घुमट. आणि चुनखडी असल्यामुळंच लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लागलं की त्याची चकाकी जाते, घामानंही हळूहळू जाते. जुन्या हत्यारांवर जिथं सारखा हात लागत आला तिथली पोवळी मंद, खरखरीत झालेली दिसतात. आडोशाची अजून ताजी लाल असतात. ज्याला तलवार रोज वापरायची होती त्यानं इतका हळवा जिन्नस तिच्यावर का लावला असेल?

याचं उत्तर आपल्या भाषेत जसंच्या तसं आहे. तुर्कीत ‘नजर’ या शब्दाचा अर्थ मराठीतल्या नजरेसारखाच, अगदी लागते त्या नजरेसकट. अरबी शब्द दोन्हीकडे गेला आणि दोन्हीकडे त्यानं तेच भय सोबत नेलं. भूमध्य समुद्राभोवतीच्या सगळ्या लोकांत पोवळं नजरेवरचा तोडगा मानलं जातं, इटलीत ते तान्ह्या मुलाच्या गळ्यात घालत. आपल्याकडे ते मंगळाचं रत्न, आणि मंगळ हा तर लढाईचा ग्रह. तुर्कीत पोवळ्याला ‘मर्जान’ म्हणतात. हा अरबी शब्द, आणि अरबीत तो बहुधा अरामी ‘मर्गनिथा’ या मोत्याच्या नावावरून आला. ग्रीक ‘मार्गारितेस’ म्हणजेही मोती, युरोपातल्या मार्गारेट याच घरातल्या. समुद्रातून आलेला मौल्यवान दाणा एवढंच त्या शब्दाला सांगायचं होतं, मग तो पांढरा असो की लाल. शेजारच्या पिरोज्याची गोष्ट उलटी. फारसीत ते नाव विजयावरून पडलं, फिरोज या नावातही तोच विजय आहे. युरोपनं मात्र त्या खड्याला ‘तुर्की’ या अर्थाचं नाव दिलं, कारण तो तुर्कांच्या बाजारातून यायचा. खडा इराणचा, नाव वाटेवरच्या दुकानदाराचं.

खडा बसवण्याच्या कामाला आपले शब्द फार सुंदर आहेत आणि ते आपण रोज वापरतो, कारखाना विसरून. जडणघडण हा शब्द वर्तमानपत्रात दर दोन दिवसांनी येतो. व्यक्तिमत्त्वाची जडणघडण, समाजाची जडणघडण. घडण हे सोनाराचं हातोडीचं काम आणि जडण हे खडे बसवण्याचं. आधी घडण होते, मग जडण. बोलताना मात्र आपण क्रम उलटा केला. जडणे म्हणजे घट्ट बसणं, सहजी न निघणं. म्हणून जीव जडतो, व्यसन जडतं, आजार जडतो. आणि कोंदण. हिंदीत कुंदन म्हणजे अस्सल शुद्ध सोनं. या कामात खड्याखाली लाख भरतात आणि खड्याच्या कडेनं शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या नुसत्या अवजारानं दाबत, ठासत जातात. इतकं शुद्ध सोनं विस्तवाशिवायच एकमेकांत मिसळतं आणि खड्याला धरून बसतं. मराठीनं कुंदनचं कोंदण केलं तेव्हा आपल्या ‘कोंदणे’ या क्रियापदाची, म्हणजे ठासून भरण्याची, त्याला साथ मिळाली असावी असं मला वाटतं. तुर्की वाटी खड्याला कडेनं पकडते, आपलं कोंदण त्याला कुशीत घेतं. मोगल आणि दख्खनी खंजिरांच्या जेडच्या मुठींवर हेच कोंदणकाम आहे. इस्तंबूलच्या तोपकापी महालातल्या प्रसिद्ध खंजिराच्या मुठीत तीन मोठे पाचू आहेत. सुलतान पहिला महमूद यानं तो नादिरशहासाठी भेट म्हणून करवला होता. वकील वाटेत असतानाच १७४७ साली नादिरशहाचा खून झाला आणि खंजीर परत आला. खंजीर हा शब्द तुर्की, फारसी, मराठी तिन्हींत एकच, फक्त तुर्क त्याला हांचेर म्हणतात.

म्यान हा शब्द मला या सगळ्यांत जास्त आवडतो. फारसीत ‘मियान’ म्हणजे मध्य, म्हणून कंबर, आणि कमरेला लटकतं ते म्यानही. याच मध्यापासून आपल्याला ‘दरम्यान’ मिळाला, ‘मधल्या भागात’. मध्यम आकाराच्या पालखीला मियाना म्हणत, तिचा मराठीत मेणा झाला. लढाईला निघालेल्याच्या कमरेचं म्यान, त्याच्या घरच्या बायकांचा मेणा आणि दोघांच्या भेटींमधलं दरम्यान, तिन्ही एकाच शब्दाची लेकरं. म्यानाच्या तोंडाला धातूचा जो पत्रा असतो तो मोहनाळ किंवा मुहनाल, आणि टोकाला बसवलेली टोपी ती तहनाळ. तहखान्यातला ‘तह’ म्हणजे तळ. अरबीत ‘नअल’ म्हणजे जोडा, घोड्याचा नाल, आणि म्यानाच्या टोकाचं धातूचं कवचही. घोड्याच्या टापेला आणि तलवारीच्या म्यानाला एकच पादत्राण! तुर्की तलवारींवर पोवळी आणि खडे मुख्यतः याच दोन जागी आणि मुठीजवळ दिसतात, आणि त्याला कारण आहे. म्यानाचं अंग लाकडाचं, वर पुष्कळदा चामडं किंवा मखमल. त्यात खडा धरणार कसा? धातू जिथं आहे तिथंच जडाव होतो.

तलवारीच्या अंगाकडे पाहिलं तर शब्दांची वाटणी उमगते. मूठ, पातं, धार, परज हे इथलेच. म्यान, मोहनाळ, तहनाळ फारसी वळणाचे. घोटून लखलखीत करणारा तो शिकलगार, अरबी ‘सैकल’ म्हणजे घोटाई. जीन करणारा आणि चामड्याची कामं जाणणारा तो जिनगर, फारसी ‘झीन’वरून. ही दोन्ही नावं आज महाराष्ट्रात जातींची आणि आडनावांची झाली आहेत. लढणाऱ्याचा हात ज्याला लागतो ते नाव बदललं नाही. दरबारात जे दिसतं, मिरवतं, त्याला दरबाराच्या भाषेचं नाव आलं. खडे सोनाराकडचे, म्हणून पोवळं, माणिक, पाचू ही नावं पेढीवरच राहिली, दरबारानं ती बदलली नाहीत.

फारसी शब्दांची ही दाटी शिवाजी महाराजांच्या नजरेतून सुटली नव्हती. त्यांच्या आज्ञेनं रघुनाथ नारायण हणमंते यांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश रचला, त्यात इतर वर्गांबरोबर शस्त्रांच्या शब्दांना स्वतंत्र शस्त्रवर्ग आहे. हणमंते आधी दक्षिणेत व्यंकोजीराजांकडे होते आणि १६७७ च्या दक्षिणस्वारीत महाराजांबरोबर होते. म्हणजे ज्या हातानं मराठीतल्या हत्यारांना संस्कृत नावं दिली, त्याला व्यंकोजीराजांच्या तंजावर दरबाराचीही ओळख होती. त्या स्वारीत महाराजांनी मद्रासच्या इंग्रजांकडे माणूस पाठवून विषावर उतारा म्हणून चालणारी औषधं मागवली होती. महाराज तंबू चेट्टी रस्त्यावरच्या काळिकांबाळ देवीच्या दर्शनाला येऊन गेले असं चेन्नईत आजही सांगतात. तो रस्ता पवळक्कार तेरूपासून पायी जाण्याइतका जवळ आहे.

आणि ‘कोश’ हा शब्द तरी केवढा! अमरकोशात त्याचे अर्थ पाहावेत: कळी, तलवारीचं म्यान, धनाचा साठा. मौल्यवान काही आत ठेवून मिटलेलं ते कोश. शब्दांच्या संग्रहाला हेच नाव द्यावं असं ज्याला प्रथम सुचलं, त्याला भाषा कळली होती. राजव्यवहारकोश हेही एक म्यानच आहे, आणि प्रवाल म्हणजे पालवी आणि कोश म्हणजे कळी हे पाहिलं की म्यानावर पोवळं बसवणाऱ्या कारागिराच्या कितीतरी आधी भाषेनं ते बसवलेलं होतं असं वाटतं.

तंजावरचं मराठी राज्य १८५५ साली इंग्रजांनी खालसा केलं. राजवाड्याचं शस्त्रागार मोडलं, पुष्कळ हत्यारं मोडीत गेली, निवडक मद्रासच्या सरकारी संग्रहालयात आली. १८५१ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय एग्मोरला आहे. तिथल्या तंजावरी कट्यारी पाहण्यासाठी मराठी माणसानं वाट वाकडी करावी. पोलादाच्या मुठीवर हात झाकणारं पान, त्यावर व्याळाचं तोंड, जाळी कोरलेली, आणि पुढं बहुधा युरोपात घडलेलं पातं. त्या पात्याला आपण फिरंग म्हटलं. इथंही नाव वाटेनं दिलं. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावातून परत आणलेल्या रघुजी भोसल्यांच्या तलवारीचं पातंही युरोपीय घडणीचं आहे, वर सोन्याच्या तारेनं ठोकलेली अक्षरं आपली. तंजावरचं काम मात्र खड्यांचं नाही, पोलाद कोरण्याचं आहे. माझं मत विचाराल तर तुर्की पोवळ्यांपेक्षा मला हे कोरीव पोलाद थोर वाटतं. खडा उपटून विकता येतो, कोरलेला व्याळ कुणी उपटून नेऊ शकत नाही.

खडा आणि पातं यांना जोडणारा खरा शब्द मात्र वेगळाच आहे: पाणी. हिऱ्याला पाणी, मोत्याला पाणी, पात्यालाही पाणी. लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा तो तापलेलं लोखंड खरंच पाण्यात बुडवतो, पण पात्याची लकाकी आणि धारेचा कस यांनाही आपण पाणीच म्हणतो. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी, तिथंही हेच तीन अर्थ. मराठीनं तो आब घेतला आणि आबदार मोती म्हटलं. माणसाचा आब राखला. चेहऱ्याचं पाणी ते ‘आबरू’, म्हणून अब्रू. ‘जौहर’ याचीही हीच गोष्ट. मूळ फारसी गोहर, अरबीत जौहर, त्याचं अनेकवचन जवाहीर. जौहर म्हणजे रत्न, आणि जौहर म्हणजे पोलादी पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी दिसणारी नक्षीही. रत्न आणि पातं एका शब्दात राहतात ते असं. पोवळ्याला मात्र पाणी नाही. ते अपारदर्शक आहे. त्याचा कस पाण्यानं नाही, रंगानं पाहतात. म्हणून ते पात्याच्या तोलाचं रत्न कधीच झालं नाही. म्यानावर, नजरेच्या वाटेत, पहारा देत राहिलं.

पाणी होतं ते मद्रासमधून गेलेल्या एका हिऱ्याला. गव्हर्नर थॉमस पिट यानं १७०२ मध्ये जामचंद नावाच्या व्यापाऱ्याकडून तो घेतला तेव्हा कच्चा हिरा ४१० कॅरटचा होता, पैलू पाडल्यावर १४० कॅरटांच्या थोडा वर राहिला. १७१७ मध्ये तो फ्रान्सच्या राजप्रतिनिधीनं घेतला, म्हणून त्याचं नाव रीजंट. पुढं नेपोलियननं तो आपल्या तलवारीच्या मुठीत जडवून घेतला. आज तो पॅरिसच्या लूव्रच्या संग्रहात आहे, आणि तलवारीवर नाही.

आपल्याकडच्या शस्त्रांच्या दालनांत पाट्या लिहिणाऱ्यांना माझी एक मागणी आहे. मराठी पाटीवर ‘म्यानाचे धातूचे टोक’ असं लिहू नका, तहनाळ लिहा. वरच्या पत्र्याला मोहनाळ म्हणा. खडे ‘चिकटवलेले’ नसतात, जडवलेले असतात. आणि वाचकांत कुणाचं घर शिकलगारांचं, जिनगरांचं, जडावकाम करणाऱ्या सोनारांचं असेल, तर आजोबा हत्याराच्या, चामड्याच्या, खड्याच्या कामात जे शब्द वापरत ते आठवतील तेवढे वहीत उतरवून काढा. त्यातले पुष्कळ अजून कुठल्याच कोशात गेलेले नाहीत.